लक्षद्वीप–मालदीव–चागोस : शाळेच्या प्रदर्शनासाठी मॉडेल करायचंय, मदत हवी

देवगडच्या बाई

नमस्कार मंडळी. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन लक्षद्वीपपासून खाली मालदीव, चागोसपर्यंतच्या बेटांच्या माळेवर प्रदर्शन मांडायचंय. पुस्तकातल्या चार ओळी सगळ्यांना पाठ आहेत, पण मुलं विचारतात ते पुस्तकात नाही. ही बेटं आपल्या किनाऱ्याच्या सरळ खाली, दक्षिणेला आहेत, मग देवगड-मालवणसमोर तशी कंकणाकृती बेटं का नाहीत? चारी बाजूंनी खारं पाणी, एकही नदी नाही, तरी तिथल्या विहिरींना गोडं पाणी कसं? हे प्रत्यक्ष करून दाखवता येईल का? इतिहास आणि प्राणी-पक्षी यांतलं काय घ्यावं, काय सोडावं? जागा म्हणाल तर एक मोठं टेबल आणि मागची भिंत, बस.

आणखी दोन गोष्टी. एक पालक घरातले पोवळ्याचे तुकडे द्यायला तयार आहेत, ते मांडले तर चालतील ना? आणि दुसरे एक जण ठासून सांगतात की लक्षद्वीप म्हणजे बुडालेल्या सह्याद्रीची शिखरं. हे खरं का?

कातळसडा

बाई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. शिखरं नव्हेत, पण नातं आहे, आणि तुमच्या प्रदर्शनाचा कणा तोच करा असं मी म्हणेन.

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भारताची भूपट्टी तेव्हा ज्या तप्तबिंदूवरून (पृथ्वीच्या खोलातून तापलेला खडक वर येतो ती जागा) सरकत होती, तो आज रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतोय. पट्टी उत्तरेला जात राहिली, तप्तबिंदू जवळपास जागच्या जागी राहिला, त्यामुळे मागे समुद्रात ज्वालामुखींची रांग उरली. म्हणून दक्षिणेकडे जावं तसं तळाच्या खडकाचं वय कमी होत जातं. मालदीवखालचा बेसाल्ट सुमारे ५.७ कोटी वर्षांचा, चागोसकडचा ४.९ कोटींच्या आसपास. त्यानंतर तप्तबिंदू समुद्रातल्या मध्य कटकाखालून (दोन भूपट्ट्यांच्या सीमेवरची बुडालेली डोंगररांग) पलीकडे, आफ्रिकेच्या पट्टीखाली गेला. मॉरिशस आणि रियुनियन त्या बाजूचे, वयाने कोवळे. भिंतीवर मालवणपासून रियुनियनपर्यंत एक दोरी ताणा आणि तिच्यावर वयाच्या चिठ्ठ्या लावा. मुलांना दुसरं काही समजावावं लागणार नाही.

एक सावधगिरी. लक्षद्वीपच्या तळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. तिथे नुसता लाव्हा नसून भारतापासून ताणला गेलेला खंडीय कवचाचा तुकडाही आहे, असं भूकंपलहरींच्या मोजणीवरून काही जण मानतात. तेवढा भाग तुटक रेषेने दाखवा.

आता कंकण कसं होतं ते. ज्वालामुखी थंड होतो, तळासकट हळूहळू खचतो. त्याच्या कडेने वाढणारं प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर बांधत राहतं. डोंगर बुडाला तरी कडं पृष्ठभागाशी टिकून राहतं, मधे उथळ पाणी, म्हणजे लगून, उरतं. ही मांडणी डार्विनची, १८४२ची. तिचा पुरावा मिळायला शंभर वर्षं लागली. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनिवेटॉक बेटावर खोल छिद्रं पाडली तेव्हा १२०० ते १४०० मीटर चुनखडी ओलांडल्यावर बेसाल्ट लागला. मालदीवमध्ये तेलाच्या शोधात खोदलेल्या विहिरीत तर हा थर सुमारे २ किलोमीटर जाडीचा निघाला.

आपल्यासमोर हे का नाही? एक, कोकणचा किनारा हा रुंद आणि उथळ भूखंडमंचावर (जमिनीचाच समुद्राखाली गेलेला भाग) आहे, खचणारा एकटा ज्वालामुखी इथे नाही. दोन, पावसाळ्यात २५०० ते ३५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि प्रत्येक खाडी चार महिने लाल गाळ व गोडं पाणी समुद्रात ओतते. प्रवाळाला स्वच्छ, खारट, उजेड पोचणारं पाणी लागतं. गाळ बसला की त्याचं तोंड बुजतं, खारटपणा उतरला की ते मरतं. लक्षद्वीपलाही १५००-१६०० मिलिमीटर पाऊस आहे, पण नदीच नाही, त्यामुळे गाळही नाही.

म्हणून आपल्याकडे प्रवाळ अजिबात नाही असं मात्र लिहू नका. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती आहे, १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं त्याच परिसरात. आणि विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरएक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची. तिचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर आहे. गाळ तिथवर पोचत नाही, म्हणून प्रवाळ जिवंत आहे. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता, तेव्हा तो माथा उघडा पडलेला असणार. मुलांना हे ऐकवा, देवगडच्या पोरांना ते लक्षद्वीपपेक्षा जास्त आवडेल.

भांग-उधाण

पोवळ्याचे तुकडे अजिबात मांडू नका. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, बाळगणंसुद्धा गुन्हा. "मेलेलं होतं, वाळूत सापडलं" ही सबब चालत नाही. मोठ्या शंखांच्या काही जातींचंही तेच, त्यामुळे घरातला शोभेचा शंखही न तपासता ठेवू नका. त्याऐवजी वाळलेल्या घोसाळ्याची जाळी कापून प्लॅस्टरमध्ये बुडवा, फांद्यांच्या प्रवाळाला सुकी बारीक काटकी चालते. रंग भडक नको. जिवंत प्रवाळ बरंचसं तपकिरी-हिरवट असतं, कारण तो रंग त्याच्या अंगात राहणाऱ्या शैवालाचा. एक कोपरा मुद्दाम पांढरा ठेवा. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा अंशभर जास्त महिनाभर राहिलं की प्रवाळ ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये हे मोठ्या प्रमाणात झालं.

मॉडेलच्या मापाबद्दल. बहुतेक ठिकाणी गोल कडं करून त्यावर सारख्या अंतराने हिरवी बेटं चिकटवतात. लक्षद्वीप तसं दिसत नाही. तिथे बेट सहसा कड्याच्या पूर्व बाजूला, उत्तर-दक्षिण लांब असतं, आणि लगून पश्चिमेला. नैर्ऋत्येच्या लाटा पश्चिमेच्या प्रवाळाच्या कड्यावर फुटतात, तुटलेलं प्रवाळ आणि वाळू आत ढकलतात, तो माल पूर्वेकडे साचतो. अपवाद अंद्रोतचा, ते पूर्व-पश्चिम पसरलंय आणि त्याला लगूनच नाही. क्षेत्रफळात तेच सर्वात मोठं, जेमतेम ४.९ चौ. किमी.

कवरत्ती करा. लांबी सुमारे ५.८ किमी, जास्तीत जास्त रुंदी १.६ किमी. १:१०,००० प्रमाणाने बेट ५८ सेंमी बाय १६ सेंमी येतं, लगूनसकट ७५ बाय ४५ सेंमीच्या फळीत मावतं. उंचीला तेच प्रमाण लावलंत तर ४ मीटरचा उंचवटा ०.४ मिलिमीटर होईल, म्हणजे रंगाचा थर. उंची-खोलीला १:५०० घ्या: ४ मीटर उंचवटा ८ मिमी, ३ मीटर खोल लगून ६ मिमी. आणि उंची वीसपट वाढवली आहे हे ठळक लिहा, नाहीतर मुलं डोंगर समजतात. भिंतीवरच्या नकाशाला १ सेंमी = ५० किमी ठेवलंत तर मालवण ते लक्षद्वीपचं बित्रा बेट १० सेंमी आणि अख्खी माळ चागोसपर्यंत साधारण ५० सेंमी. त्या मापात कवरत्ती एक मिलिमीटर. ठिपक्यावर ठिपका नको, टाचणी टोचा.

देवगडच्या बाई

घोसाळं! शाळेच्या कुंपणावरच वेल आहे. आता पाण्याचं सांगा कुणीतरी.

विहीरबावडी

पाण्याचं मी सांगतो. आधी तत्त्व. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खाली भरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण खाऱ्याची घनता १.०२५ आणि गोड्याची १. फरक चाळिसाव्या भागाचा, म्हणून समुद्रसपाटीच्या वर १ मीटर गोडं पाणी उभं राहिलं तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोड्याचा साठा. मधे जाड, कडेला पातळ, म्हणून त्याला भिंग म्हणतात. प्रत्यक्षात बेट अरुंद असल्याने वरची उंची काही सेंटीमीटरच असते आणि साठा काही मीटरच भरतो.

आता मॉडेल. काच किंवा ॲक्रिलिकची अरुंद टाकी, ६० सेंमी लांब, १२ रुंद, ३० उंच. मधल्या ३० सेंमीत वाळू, दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमी "समुद्र". वाळू धरायला भोकं पाडलेले दोन पत्रे उभे करा आणि त्यांना डासांची जाळी लावा. दोन्ही टोकांच्या काचेला तळापासून १८ सेंमीवर एकेक भोक, हे ओसंडण्यासाठी. वाळू २२ सेंमीपर्यंत, म्हणजे "बेट" पाण्याच्या ४ सेंमी वर. त्याला १२-१३ किलो वाळू लागेल. आपल्या पुळणीची काळसर वाळू नको, त्यात रंग दिसत नाही. मत्स्यटाकीच्या दुकानातली पांढरी बारीक वाळू घ्या आणि पाणी नितळ येईपर्यंत धुवा. माती राहिली तर छिद्रं बुजतात.

खारं पाणी साधारण १० लिटर, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे ३५० ग्रॅम. ते वाळूवर ओतू नका, बाजूच्या "समुद्रात" हळूहळू ओता, म्हणजे वाळू खालून भिजते आणि हवा वरून निघून जाते. वरून ओतलंत तर हवेचे बुडबुडे अडकतात, आणि भिंग वाकडंतिकडं होतं. भोकातून ओसंडायला लागलं की थांबा.

पाऊस म्हणून निळा खाण्याचा रंग घातलेलं गोडं पाणी. सलाईनच्या तीन नळ्या बेटावर अंतराअंतराने लावा, एकूण मिनिटाला १० ते १२ मिलिलिटर. जास्त सोडलंत तर पाणी मुरण्याआधी पृष्ठभागावरून वाहून "समुद्रात" जातं आणि मुलं म्हणतात, सर, चाललं वाहून. एवढ्या वेगाने दीड-दोन तासांत काचेला निळं भिंग दिसतं, खाली सातआठ सेंमी. सव्वा ते दीड लिटर रंगीत पाणी तयार ठेवा. जाड खडी घेतलीत तर पाणी झटकन बाहेर पडतं आणि भिंग पातळ राहतं, म्हणून वाळू बारीकच हवी. टोकाच्या भोकांतून जे निळसर पाणी गळतं ते बेटाच्या कडेने झिरपणारं गोडं पाणीच आहे, ते बादलीत जाऊ द्या.

आता विहीर. खालच्या टोकाला जाळी बांधलेली रबरी नळी मध्यावर समुद्रसपाटीच्या २-३ सेंमी खाली ठेवा, वरच्या टोकाला सिरिंज. मिनिटाला मिलिलिटरभर ओढलंत तर बराच वेळ गोडं पाणी येतं. ५० मिलिलिटर एकदम ओढलंत तर नळीखाली खारं पाणी सुळक्यासारखं वर चढतं. काचेजवळ विहीर असेल तर हे डोळ्यांना दिसतं. टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवा. स्वस्त मीटर समुद्राच्या पाण्याला थेट बुडवला की मर्यादेपलीकडे जातो, म्हणून ते नमुने दहापट पातळ करून मोजा.

बेटावरच्या विहिरींना मोटार लावली की नेमकं हेच होतं. शिवाय घरोघरच्या शौचखड्ड्यांचं पाणीही त्याच थरात झिरपतं, कारण वाळू गाळते पण रोखत नाही. म्हणून कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या तापमानफरकावर चालणारा गोडं पाणी करणारा प्रकल्प बसवला, दिवसाला १ लाख लिटरचा. वरचं पाणी सुमारे २८ अंशांचं, ३५० मीटर खालचं १२-१३ अंशांचं. वरच्याची कमी दाबात वाफ करायची आणि खालच्या थंड पाण्याने ती गोठवून परत पाणी करायचं. २०११ मध्ये मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. आपल्याकडे हे का नाही असं कुणी विचारलंच, तर उत्तर कातळसड्यांच्या मुद्द्यातच आहे. तिथे किनारा सोडला की तळ लगेच खोल जातो, आपल्याकडे ३५० मीटर खोली गाठायला शंभर किलोमीटरहून दूर जावं लागतं. एवढा पाइप कोण टाकणार.

भांग-उधाण

विहीरबावडी, एक दुरुस्ती. वाफ गोठत नाही, निवून पाणी होते. प्रदर्शनातल्या पाटीवर तसं लिहा, परीक्षक विज्ञानाचे असतात. मॉडेल मात्र झकास.

बंदरकाठ

इतिहासात राजांच्या याद्या देऊ नका. बेटांवरचा माणूस काय पिकवत होता आणि कुणाला विकत होता, तेवढं सांगितलं तरी चित्र उभं राहतं. पीक नारळाचं आणि काथ्याचं, भात बाहेरून. कन्नूरच्या अरक्कल घराण्याकडे काथ्याची मक्तेदारी होती, बेटकऱ्याने काथ्या ठरल्या दराने द्यायचा आणि बदल्यात तांदूळ घ्यायचा. अमीनी वगैरे उत्तरेची बेटं १७८७ मध्ये टिपूकडे गेली आणि १७९९ नंतर ईस्ट इंडिया कंपनीकडे. दक्षिणेची अरक्कलकडेच राहिली. मग एप्रिल १८४७चं वादळ आलं, कल्पेनी आणि अंद्रोत झोडपली गेली. डागडुजीला कंपनीने अरक्कलला कर्ज दिलं आणि ते थकत गेलं. १८७५ मध्ये ती बेटंही इंग्रजांनी ताब्यात घेतली. कल्पेनीच्या पूर्व किनाऱ्यावर प्रवाळाच्या धोंड्यांचा जो बांध दिसतो तो त्या वादळाचा म्हणतात. चित्र मिळालं तर तेच लावा.

पुढचे टप्पे थोडक्यात: १ नोव्हेंबर १९५६ला केंद्रशासित प्रदेश, १९६४ मध्ये राजधानी कोळिकोडहून कवरत्तीला, १९७३ मध्ये आजचं नाव. एकंदर ३६ बेटं, जमीन ३२ चौ. किमी, वस्ती दहा बेटांवर, २०११च्या जनगणनेत ६४ हजारांच्या वर माणसं. वस्तीचं सर्वात छोटं बेट बित्रा, २७१ माणसं.

चागोसचं टोक मात्र वेगळं आणि कडू आहे. नारळाच्या मळ्यांसाठी फ्रेंचांनी तिथे गुलाम आणले, १८१४ मध्ये बेटं इंग्रजांकडे गेली. १९६५ मध्ये ती मॉरिशसपासून तोडली आणि १९६८ ते १९७३ मध्ये चागोसमधल्या दिएगो गार्सिया बेटावरच्या लष्करी तळासाठी सगळ्या रहिवाशांना हलवलं. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं, मे २०२५ मध्ये ब्रिटन आणि मॉरिशस यांनी करारावर सह्या केल्या. नववीच्या मुलांना हे समजतं, झाकू नका.

आपल्याकडचा धागा हवा असेल तर तौक्ते चक्रीवादळ घ्या. १४ मे २०२१ला लक्षद्वीपजवळ तयार झालं, आपला किनारा घासत वर गेलं आणि १७ तारखेला गुजरातला धडकलं. नकाशावर लाल दोरा लावला की झालं. देवगडच्या आंबेवाल्यांना पाटी वाचावी लागणार नाही.

पाकोळी

प्राण्यांत तीनच गोष्टी घ्या: कुपा (ट्यूना मासा), कासव, सुरय (टर्न पक्षी).

मिनिकॉयची कुपा मासेमारी जाळ्याविना होते. सकाळी लगूनमध्ये उचल-जाळ्याने बोटभर चाऱ्याचे मासे धरतात आणि बोटीच्या भोकं पाडलेल्या हौदात जिवंत ठेवतात, भोकांतून समुद्राचं पाणी खेळतं. बाहेर कुप्याचा थवा दिसला की चारा मूठमूठ फेकतात आणि पाण्यावर फवारे मारतात. थवा वर खळबळतो. मग बांबूच्या काठीला बिनकाट्याचा गळ. गळाला उलटा काटा नसल्याने मासा बोटीत पडताक्षणी आपोआप सुटतो. हौदात चारा दाटीने भरला किंवा पाणी तापलं तर तो मरतो आणि दिवस फुकट जातो. प्रवाळ खालावलं तर चारा कमी मिळतो, म्हणजे खुल्या समुद्रातला मासा पकडायलाही लगून लागतंच. धरलेला मासा उभा चिरून खाऱ्या पाण्यात शिजवायचा, नारळाच्या सोडणाच्या धुरावर धरायचा आणि उन्हात वाळवायचा, हे झालं मासमीन. लाकडासारखं कडक होतं, महिनोन् महिने टिकतं.

कासवांत वेळास-आंजर्ल्याची कासवं म्हणजे ऑलिव्ह रिडले आणि लक्षद्वीपची मुख्यतः हिरवी, एवढा फरक दाखवा. हिरवं कासव समुद्री गवत चरतं. अगत्तीच्या लगूनमध्ये ती इतकी वाढली की गवत मुळापर्यंत संपलं, गवतात वाढणारी पिल्लं मासळी घटली आणि मच्छीमार कासवांवर नाराज झाले. संरक्षित प्राणी आणि पोट भरणारा माणूस यांतला हा तिढा पाटीवर नक्की घाला.

पक्ष्यांसाठी पिट्टी. कवरत्तीच्या वायव्येला २४ किमीवर, १.२ हेक्टरचं वाळूचं उघडं बेट. झाड नाही, गोडं पाणी नाही, म्हणून माणूस नाही. सूटी टर्न आणि ब्राऊन नॉडी हजारोंनी घरटी करतात, घरटी म्हणजे वाळूत नुसतं अंडं. एखादी बोट चुकीच्या वेळी लागली आणि थवा उठला तर उन्हात अंडी शिजतात. आपल्याकडे याला जोड म्हणजे वेंगुर्ल्याचे खडक: तिथे ब्रायडल्ड टर्न विणीला येतात आणि गुहांत पाकोळ्यांची खाण्याची घरटी असतात, ज्यांची चोरी होत आली आहे.

एक उपयोगाची गोष्ट पाटीवर जरूर लिहा. जून ते ऑगस्टमध्ये वादळी वाऱ्याने दमलेले समुद्रपक्षी, सुरय, नॉडी, कधी बूबी, आपल्या पुळणीवर पडलेले सापडतात. लोक त्यांना परत लाटांत फेकतात आणि तो पक्षी बुडतो, कारण पिसं भिजलेली असतात. टॉवेलने पकडा, चोच डोळ्यांपासून दूर धरा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरड्या फडक्यावर ठेवा, अंधारात आणि शांत जागी. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. पाव, भात तर मुळीच नको. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा.

देवगडच्या बाई

एवढं सगळं टेबलावर मावणार कुठे? दोरी, फळी, टाकी नक्की घेते. टाकीला दोन तास लागणार आणि परीक्षक दहाला येतात, तर आदल्या रात्री भरून ठेवली तर चालेल?

विहीरबावडी

खारं पाणी रात्री भरून ठेवा, ते उत्तम, हवा निघून जाते. निळा पाऊस मात्र सकाळी आठलाच सुरू करा. रात्रभर बंद ठेवलात तर भिंग कडेने झिरपून पातळ होतं आणि रंगही खाऱ्यात मिसळतो. परीक्षक येईपर्यंत नळ्या चालू ठेवा, रंगीत पाणी आणखी दोन लिटर हाताशी असू द्या. टाकी रिकामी असतानाच टेबलावर मांडा. वाळू आणि पाणी मिळून २२-२३ किलो होतं, भरल्यावर उचललीत तर सांधा उसवतो.